वैद्यकीय प्रवेश परीक्षा : किनारपट्टीवरील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे नियोजन

अलिबाग येथे २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रवेशक्षमता १०० विद्यार्थ्यांची असून अलिबागचे जिल्हा सामान्य रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहे. तोपर्यंत रायगडमधील मुलास शासकीय महाविद्यालयात डॉक्टरकीचे शिक्षण घ्यावयाचे म्हणजे मुंबई, पुणे किंवा मिरजेची वाट धरावी लागे. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची एक जुनी उणीव त्यामुळे भरून निघाली, याबद्दल समाधान वाटणे साहजिक आहे.

परंतु या समाधानाबरोबरच एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. महाविद्यालय अलिबागला आले म्हणून त्यातील जागा अलिबाग, मुरुड, म्हसळा वा श्रीवर्धनच्या मुलांस आपोआप मिळत नाहीत. शासकीय महाविद्यालयातील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि उरलेल्या जागांसाठी सर्व महाराष्ट्रातील विद्यार्थी स्पर्धेत असतात. इमारत किनाऱ्यावर असली तरी तिचे दार राष्ट्रीय परीक्षेतूनच उघडते. त्या दारापर्यंत आपल्या गावातील मुले पोहोचतील की नाही, हे बारावीच्या शेवटच्या दोन महिन्यांत ठरत नाही. अकरावीच्या पहिल्या पावसाळ्यात, घरात आणि गावातच त्याचा बराचसा निर्णय होऊन जातो. म्हणूनच हा विषय विद्यार्थी व पालकांपुरता न ठेवता शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे मांडण्याचे योजिले आहे.

गावाला डॉक्टर का हवा?

रायगडच्या भूमीने याचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. जालना जिल्ह्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात त्या काळी पुष्कळ माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून या विषाचा हृदयावर होणारा परिणाम टिपला. त्यांचे निष्कर्ष १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून त्यांनी या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब जाहीर झाला. जो डॉक्टर गावात राहतो त्यालाच गावाचा रोग दिसतो, हा या उदाहरणाचा बोध होय. खाडीपलीकडच्या वस्तीची भाषा, तेथील कामधंदा आणि पावसाळ्यातील अडचणी ज्यास जन्मापासून ठाऊक आहेत, असा डॉक्टर आपल्याच वाड्यावस्त्यांतून घडला, तर तो येथे टिकण्याची आशा अधिक.

परीक्षेचे स्वरूप

नियोजनापूर्वी ज्या परीक्षेचे नियोजन करावयाचे तिची ओळख हवी. पूर्वी राज्यात वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर, व नंतर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर होत. आता हे प्रवेश ‘नीट’ म्हणजे राष्ट्रीय पात्रता तथा प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. २०१३ मध्ये ही परीक्षा प्रथम झाली. त्याच वर्षी ती न्यायालयाने रद्द ठरविली आणि २०१६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था ती घेत आहे. २०२४ मध्ये देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेस बसले होते.

२०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न होते व वेळ तीन तासांचा होता. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० अशी त्यांची विभागणी होती. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, एकूण गुण ७२०. याचा अर्थ निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. २०२१ ते २०२४ या वर्षांत २०० प्रश्नांपैकी १८० सोडविण्याची मुभा होती, ती २०२५ मध्ये राहिली नाही. अभ्यासक्रमही २०२४ च्या परीक्षेसाठी कमी करण्यात आला होता. म्हणून शिक्षकांनी दर वर्षीचे माहितीपत्रक व अभ्यासक्रम स्वतः पाहून फळ्याजवळ लावावा. वगळलेल्या पाठावर मुलांचे आठवडे खर्ची पडणे हे टाळता येण्याजोगे नुकसान आहे.

भाषेचा उंबरठा

किनारपट्टीवरील बहुसंख्य मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकतात आणि अकरावीच्या विज्ञान शाखेत अचानक इंग्रजी पुस्तकास सामोरी जातात. अनेक हुशार मुले येथेच अडखळतात. मुलास विषय कळत नाही असा शिक्षकांचा समज होतो, प्रत्यक्षात त्यास केवळ शब्द कळत नसतो. परासरण म्हणजेच ऑस्मॉसिस, तंतुकणिका म्हणजेच मायटोकाँड्रिया, हरितलवक म्हणजेच क्लोरोप्लास्ट, अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजेच मायोसिस, हे एकदा जुळले की दहावीपर्यंत मिळविलेले ज्ञान वाया जात नाही.

यासाठी अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक विद्यार्थ्याने दोन रकान्यांची शब्दवही ठेवावी. रोज दहा शब्द घेतल्यास तीन महिन्यांत सुमारे नऊशे शब्द होतात व पाठ्यपुस्तकाची वाट मोकळी होते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळू शकते. तथापि मराठी भाषांतराविषयी संदिग्धता निर्माण झाल्यास इंग्रजी प्रश्न प्रमाण मानला जातो, हा नियम लक्षात घेऊन दोन्ही भाषांतील संज्ञा येणे हिताचे आहे. कोणत्या भाषेत परीक्षा द्यावयाची हे अर्ज भरताना ठरवावे लागते. तो निर्णय सराव प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत सोडवून पाहिल्यावरच घ्यावा.

दोन वर्षांचा हिशोब

अकरावीच्या १ जुलैपासून बारावीच्या ३० एप्रिलपर्यंत २२ महिने, म्हणजे सुमारे ९५ आठवडे मिळतात. त्यांतून सण, आजारपण, वादळवारा, महाविद्यालयाच्या परीक्षा आणि बारावीची मंडळाची परीक्षा यांसाठी १५ आठवडे बाजूस काढावेत. उरले ८० आठवडे. सोमवार ते शनिवार रोज चार तास व रविवारी सहा तास याप्रमाणे आठवड्याचे ३० तास धरल्यास एकूण २,४०० तास हाती येतात. त्यांपैकी जीवशास्त्रास ९००, भौतिकशास्त्रास ८०० आणि रसायनशास्त्रास ७०० तास ही विभागणी सर्वसाधारण विद्यार्थ्यास सोयीची ठरेल. गणित कच्चे असल्यास भौतिकशास्त्राचे तास वाढवावेत.

८० आठवड्यांचे तीन टप्पे पाडावेत. पहिले ३९ आठवडे अकरावीच्या भागासाठी, पुढील ३५ बारावीच्या भागासाठी आणि शेवटचे ६ केवळ उजळणी व सरावासाठी. बारावीच्या वर्षात अकरावीचा भाग विसरला जातो, ही नेहमीची अडचण आहे. म्हणून दुसऱ्या टप्प्यात दर रविवारचे तीन तास अकरावीच्या उजळणीस राखून ठेवावेत.

काही पालक मुलास दिवसाचे बारा-चौदा तास बसविण्याचा आग्रह धरतात. असा क्रम पंधरा दिवस टिकतो आणि मग मोडतो. दोन वर्षे टिकणारे चार तास हे पंधरा दिवसांच्या चौदा तासांहून कितीतरी मोलाचे आहेत.

घरचा हंगाम पाहून वेळापत्रक

शहरात छापलेले वेळापत्रक आपल्या किनाऱ्यावर जसेच्या तसे चालत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि कोळीवाड्यातील मुलावर घरकामाचा भार तुलनेने कमी असतो. ऑगस्टपासून मात्र पहाटे बंदरावर घरातील प्रत्येक हात लागतो. याउलट शेतकरी घरातील मुलास जुलैमध्ये लावणी व ऑक्टोबरमध्ये कापणी चुकत नाही. गणपती व शिमगा हे सण तर साऱ्या किनाऱ्याचेच, आणि शिमगा नेमका मंडळाच्या परीक्षेच्या आगेमागे येतो.

तेव्हा वर्गशिक्षकांनी नियोजनाचा पहिला तास असा घ्यावा : प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाचे कॅलेंडर पुढे घेऊन घरच्या कामाचे दिवस आधी खुणावावेत व उरलेल्या दिवसांत अभ्यास बसवावा. कामाच्या दिवसांत नवा पाठ घेऊ नये, फक्त अर्ध्या तासाची उजळणी करावी. क्रम तुटू न देणे एवढाच त्या दिवसांचा उद्देश असावा.

आपत्तीसाठी राखलेले आठवडे ही चैन नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि अनेक गावे दीर्घकाळ विजेविना राहिली. त्या वर्षीची नीट परीक्षा साथीमुळे पुढे ढकलली जाऊन १३ सप्टेंबर रोजी, म्हणजे वादळानंतर १०२ दिवसांनी झाली. अभ्यास केवळ मोबाइलवर व विजेवर अवलंबून असेल तर अशा वेळी तो पूर्णपणे थांबतो. छापील पुस्तक, हाताने लिहिलेली टिपणे आणि जवळ एक दिवा एवढी सामग्री प्रत्येक विद्यार्थ्यापाशी असलीच पाहिजे.

वाचन पुरेसे नाही

एकच पाठ चार वेळा वाचला म्हणजे तो आला, अशी समजूत सर्वत्र आढळते. २००६ मध्ये रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर याची पाहणी केली. काहींना उतारा पुन्हा वाचावयास दिला, तर काहींना पुस्तक मिटवून आठवेल ते लिहावयास सांगितले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. वाचल्याने ओळख वाढते, आठवल्याने स्मरण पक्के होते, असा याचा इत्यर्थ.

म्हणून प्रत्येक पाठ वाचल्यावर त्याच संध्याकाळी पुस्तक मिटवून एका पानावर तो लिहून काढावा. तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी तीच कृती पुन्हा करावी. यासाठी पैसा लागत नाही, शिकवणी लागत नाही. पाठकोरे कागद आणि प्रामाणिकपणा पुरतो.

परिसर हेच पुस्तक

जीवशास्त्राच्या बाबतीत किनाऱ्यावरील मूल शहरी मुलापेक्षा मुळीच मागे नाही, फक्त त्यास तसे कोणी सांगितलेले नसते. मुशी आणि पाकट हे कास्थिमत्स्य, तर बोंबील, सुरमई, पापलेट हे अस्थिमत्स्य. मुशीच्या कल्ल्यांवर झाकण नसते, सुरमईच्या असते. कास्थिमत्स्यास वाताशय नसल्याने बुडू नये म्हणून सतत पोहावे लागते. माकूल हा मृदुकाय प्राणी, जवळा हा संधिपाद. बाजारातील एका टोपलीत प्राणिसृष्टीच्या पाठातील अर्धा डझन उदाहरणे मिळतात.

वाडीतील नारळही तसाच. शहाळ्याचे पाणी म्हणजे मुक्त केंद्रके असलेला भ्रूणपोष व भोवतालचे पांढरे खोबरे म्हणजे पेशीमय भ्रूणपोष. सपुष्प वनस्पतींच्या प्रजननाच्या पाठातील ही गोष्ट शहाळे फोडताना सांगितली तर ती जन्मभर विसरली जात नाही. मिठात मुरवलेली मासळी का टिकते, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या द्रावणांच्या पाठात आहे : मिठामुळे जिवाणूंच्या पेशीतील पाणी परासरणाने बाहेर पडते व ते मरतात. शिक्षकांनी प्रत्येक पाठास असा एक स्थानिक दाखला शोधून ठेवल्यास पाठांतराचे ओझे हलके होईल.

सराव, चुकांची वही आणि अंदाज

२०२५ ची परीक्षा दुपारी २ ते ५ या वेळेत झाली व ती मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होती. तेव्हा सराव परीक्षाही रविवारी दुपारी, उकाड्यात आणि न उठता तीन तास बसूनच घ्यावी. बारावीच्या वर्षात महिन्यास एक व शेवटच्या सहा आठवड्यांत आठवड्यास दोन, असे प्रमाण योग्य होईल. जीवशास्त्रास ५० मिनिटे, रसायनशास्त्रास ५५, भौतिकशास्त्रास ६० आणि उत्तरपत्रिका तपासण्यास १५ मिनिटे, अशी १८० मिनिटांची वाटणी करून पाहावी व अनुभवाने बदलावी.

गुणांपेक्षा चुका महत्त्वाच्या. प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे : माहिती नव्हती, माहिती असून विसरलो, प्रश्न नीट वाचला नाही, की आकडेमोड चुकली. चारही रोगांवर औषध निराळे आहे. तीन महिन्यांची वही पाहिली की मुलास आपला कच्चा भाग कोणाला न विचारता कळतो.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. चार पर्यायांपैकी काहीच माहीत नसता खूण केली, तर सरासरीने पाव गुण पदरी पडतो, पण नुकसानीचा धोकाही मोठा राहतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर ही सरासरी दोन-तृतीयांश गुणावर, दोन बाद करता आले तर दीड गुणावर जाते. सबब, किमान दोन पर्याय विचारपूर्वक बाद झाल्यावरच अंदाज करावा, हा नियम सुरक्षित ठरतो.

शाळा आणि पंचायत काय करू शकतात?

‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रात सर्वांस परिचित आहे. त्यामागे मुख्यतः नियमित चाचण्या, चुकांची तपासणी आणि शिक्षकांची चिकाटी आहे. घर वा जमीन गहाण टाकून मुलास दूरच्या शिकवणीस पाठविण्यापूर्वी यांतील किती गोष्टी गावात होऊ शकतात, हे पाहावयास हवे.

ग्रामपंचायत किंवा सार्वजनिक वाचनालयाची एक खोली संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासिका म्हणून उघडी ठेवता येईल. तेथे वीज गेल्यावरही चालणारा दिवा, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या आणि बालभारतीच्या पुस्तकांचे दोन-तीन संच व मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका असाव्यात. मुली निर्धास्तपणे येऊ शकतील अशी जागा, परतीची सोबत व देखरेख यांची जबाबदारी पंचायतीने घ्यावी. शाळेने महिन्यातून एका रविवारी दुपारी सभागृह सराव परीक्षेसाठी द्यावे. आसपासच्या चार-पाच गावांची मुले एकत्र आली की स्पर्धेची सवयही लागते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी महाज्योती संस्थेने नीटचे ऑनलाइन प्रशिक्षण व टॅब देण्याची योजना राबविली आहे. दहावीचा निकाल लागताच अशा योजनांची चौकशी करून अर्ज भरून घेण्याचे काम शिक्षकांनी अंगावर घेतल्यास पुष्कळांचा लाभ होईल.

कागदपत्रे वेळेवर

परीक्षेत यश मिळूनही कागदाअभावी जागा हातची जाणे, याहून दुःखद काय असू शकेल? प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवास प्रमाणपत्र आणि दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण झाल्याचे पुरावे लागतात. आरक्षणासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र हवे. जात वैधतेस जुने पुरावे लागतात व वेळ जातो. कातकरी व अन्य आदिवासी वाड्यांतील कुटुंबांकडे असे पुरावे अनेकदा नसतात. म्हणून हे काम अकरावीतच हाती घ्यावे. तहसील कार्यालय, तलाठी व ग्रामसेवक यांनी महाविद्यालयातच एक दिवसाचे शिबिर घेतले तर मुलांचे अभ्यासाचे कित्येक दिवस वाचतील. दाखले ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकांस दिलाच आहे.

दुसरी वाटही आखावी

लाखो उमेदवारांपैकी मोजक्यांनाच शासकीय महाविद्यालयात जागा मिळते, हे सत्य मुलांपासून लपवू नये. दंतवैद्यक, आयुर्वेद व होमिओपॅथी या शाखांचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात. परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, प्रयोगशाळा तंत्रज्ञान हीदेखील आरोग्यसेवेचीच क्षेत्रे होत आणि ग्रामीण रुग्णालयास त्यांचीही तितकीच निकड आहे. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावयाची का, हा निर्णय शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून न घेता चुकांची वही पुढे ठेवून घ्यावा. गुण विसरण्यामुळे व घाईमुळे गेले असतील तर एक वर्षाचा उपयोग होईल. दोन वर्षे मनापासून श्रम करूनही विषयाची गोडीच लागली नसेल, तर वाट बदलणे हा कमीपणा नव्हे. निकालाच्या दिवशी मुलाच्या पाठीवर हात ठेवणे, हा घराने आणि शाळेने करावयाच्या नियोजनाचाच एक भाग आहे.

अलिबागच्या महाविद्यालयात दर वर्षी नवे विद्यार्थी येत राहतील. त्यांत श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातील एखादी मुलगी वा म्हसळ्याच्या वाडीतील एखादा मुलगा असावा असे वाटत असेल, तर येत्या जूनमध्ये अकरावीत जाणाऱ्या मुलांची यादी शाळेने आजच करावी आणि ग्रामसभेपुढे अभ्यासिकेचा विषय ठेवावा. शासनाने महाविद्यालय दिले आहे. त्याच्या पायरीपर्यंत मुलांस नेण्याचे काम गावाचे आहे.